खुनी आणायला गेलीय

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… प्रकाशनाच्या ऑफिसातून? मग बोला की.

नाही, लेखिकाबाई घरी नाहीत. मी त्यांची नणंद. थोरली… हो, एकच आहे. एक पुरते.

कुठे गेली म्हणजे… खुनी आणायला गेलीय.

हॅलो?… हॅलो, आहात ना?… अहो, घाबरताय काय? तुम्ही तिथे नव्या दिसता. आधीच्या संपादिकाबाईंना हे सगळं पाठ होतं… निवृत्त झाल्या? बघा, सांगितलंसुद्धा नाही. आणि आवाजावरून तू माझ्या नातीएवढी वाटतेस, तेव्हा मी आपली अगंतुगंच करते. चालेल ना?… शहाणी आहेस.

तर ऐक. आमच्या भावजयीची लिहायची एक रीत आहे. शेवटून दुसऱ्या प्रकरणापर्यंत धडाधड लिहिते. मुडदा पडतो, पोलीस येतात, ज्याच्या त्याच्यावर संशय घेऊन होतो. मग पेनाला टोपण. खुनी कोण ते तिलाही ठाऊक नसतं. मग एक दिवस सकाळी उठून पिशवीत पाण्याची बाटली टाकते, चपला घालते आणि निघते, एकटीच. लोक भाजी आणायला जातात तशी ही खुनी आणायला जाते. संध्याकाळी येते ती घेऊनच येते.

आज दीपगृह बघायला गेलीय… मोबाइल? मोबाइल माझ्या उशीखाली. वाजला की खुनी बुजतो म्हणे.

नाही गं, चुकली कशी असेल? ती आणि चुकणार? उलट ज्या गावाला जाते ते गाव चुकतं… अगं, प्रवासाचं तर तू विचारूच नकोस. तिच्याबरोबर एक कापडी मुडदा असतो. माणसाएवढा, आत वाळू आणि चिंध्या. आम्ही त्याला रावसाहेब म्हणतो. अंगात छोटूचा लग्नातला सूट. छोटू म्हणजे तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ. पासष्टी उलटली तरी छोटूच. पोट वाढलं, नाव तेवढंच राहिलं… हो, आहे ना, हा काय समोर बसलाय चहा घेऊन. त्याचा नमस्कार घे.

हं, तर रावसाहेब. डोंगरावरच्या रोपवेतून हिने त्यांना खाली सोडलं. पडायला किती वेळ लागतो ते बघायचं होतं. खाली एक जोडपं फोटो काढत होतं. वरून सुटाबुटातला माणूस येताना बघून नवऱ्याने बायकोला पुढे केलं आणि आपण मागे पळाला… खोटं? शपथेवर सांगते… बरं, जोडपं नसेल, एकटा माणूस असेल. पण पळाला.

आणि बोटीवर तर रजई पांघरून झोपवलं होतं. बोटीवरच्या डॉक्टरने येऊन नाडी बघितली आणि म्हणाला, अशक्तपणा आहे, उठवू नका… आता डॉक्टरच तसा होता, त्याला मी काय करू?

हो, हो… कळतंय गं, तुला घाई आहे. पण छंद सांगितल्याशिवाय रीत कशी कळणार? मधमाश्या पाळल्या. आम्हाला वाटलं, घरचा मध. मध निघाला चमचाभर, आणि पुढच्या पुस्तकात छोटूला माश्यांनी मारलं. मग खलाशांच्या गाठी शिकली. छोटूला खुर्चीला बांधला आणि गाठ जमली या आनंदात शेजारी सांगायला गेली. तिथे गप्पा रंगल्या. मी बाजारातून आले तर हा पायाच्या अंगठ्याने टीव्हीचं बटण दाबतोय. आपल्याला बांधलंय याचं काही नाही, मॅच सुटली याचं दुःख.

छोटू, हसू नकोस, चहा सांडशील.

आठदा मेलाय हा तिच्या पुस्तकांत. तक्रार नाही. कारण आमच्याकडे रीतच आहे, पुस्तकात ज्याचा खून होतो त्याला पहिली प्रत आणि बाहेर मनसोक्त जेवण. दाताचा डॉक्टर दोनदा मेला. शेजारीण जिन्यावरून पडून मेली, ती तर खास नवी साडी नेसून जेवायला आली. पोस्टमन पाकीट हातात देता देता म्हणतो, बाई, यंदा माझं जमवा ना कुठेतरी.

मी?… मी होय.

मी चहा आणते.

अगं, असं काय विचारतेस, तू वाचलीयस ना सगळी पुस्तकं? चौकशी चाललेली असते, इन्स्पेक्टर येरझाऱ्या घालत असतो आणि मागून एक म्हातारी आत्या चहाचा ट्रे घेऊन येते. ‘चहा ठेवू का?’ म्हणते आणि जाते. ती मी. बावीस पुस्तकांत एवढंच वाक्य. ना कुणी मला मारलं, ना माझ्यावर कधी संशय घेतला. एका पुस्तकात तर मांजरावर संशय घेतला होता गं. मांजरावर. आणि मी सख्खी नणंद, घरात बसलेली. नणंदेला हेतू शोधावा लागतो का कुणाला?

नाही, रागावले नाही. आपलं सांगितलं.

काय?… मशीन थांबलंय? कसलं मशीन?… म्हणजे बाकीचं पुस्तक छापून तयार आणि शेवटचं प्रकरण नाही म्हणून छापखाना अडलाय? मग छापलंत कशाला आधी?… हो, पुस्तक प्रदर्शन. हो… दुसऱ्या कुणाचं तरी काम मशीनवर चढवणार, आणि मग आमचं गेलं पुढच्या महिन्यात. अरे देवा.

रडू नकोस. हे बघ, रडू नकोस आधी. नोकरीतलं पहिलंच पुस्तक का तुझं?… साहेब शेजारीच उभे आहेत? त्यांना म्हणावं बसा.

काय म्हणालीस? कुणीही चालेल पण नाव सांगा?

…म्हणजे मी सांगितलं तरी चालेल?

माहीत आहे म्हणजे… न माहीत असायला काय झालं? तिने निघताना मला सगळं सांगून ठेवलंय. मुद्दे सांगते, वाक्यं तू बसव. कागद घे. घेतलास?

छोटू, तू डोळे मोठे करू नकोस. चहा पी.

हं. तर कप्तान. डोंगरावरच्या बंगल्यातला निवृत्त कप्तान, दुपारच्या चहाला मेला. खोली आतून बंद, किल्ली त्याच्याच खिशात. चहा घरातल्या सगळ्यांनी एकाच किटलीतला घेतला, आणि मेला एकटा कप्तान. पुतण्यावर संशय, गाणाऱ्या बायकोवर संशय, माळ्यावर संशय. बरोबर? इथवर तुझ्याकडे आहेच.

आता लिही. खून आत्याने केला.

…अगं, आत्या. कप्तानाची बहीण. पान उलटून बघ, चहा घेऊन कोण आलं होतं?… सापडली? तीच.

हेतू? लिही. चाळीस वर्षं तिने कप्तानाला रोज दोनदा चहा करून दिला. चाळीस वर्षांत तो एकदाही ‘छान झालाय’ म्हणाला नाही. घोट घ्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, साखर कमी आहे… हो, एवढ्यावरून. तुझं लग्न झालंय का?… झालं की कळेल.

छोटू, कप खाली का ठेवलास? पी तो, गार होतोय.

आता खोली आतून बंद कशी? ऐक, हे नीट लिही. डॉक्टरने कप्तानाची साखर बंद केली होती. आत्या चहा करायची बिनसाखरेचा. कप्तान काय करायचा, चहा घेऊन खोलीत जायचा आणि आतून कडीकुलूप. घरच्यांना वाटायचं, साहेब विचार करतायत. साहेब कसले विचार करतायत, साहेबांनी कपाटात जाड्या शब्दकोशांच्या मागे साखरेचा डबा लपवला होता. चोर खोली स्वतःच आतून लावून घेतो गं, दुसऱ्याने लावायची गरज काय?

कळलं? विष चहात नव्हतंच मुळी. म्हणून बाकीचे ठणठणीत. विष होतं साखरेत. आणि डबा कुठे आहे हे घरात एकट्या आत्याला ठाऊक. कसं म्हणजे? स्वयंपाकघरातली साखर कमी होते ते बाईमाणसाला कळत नाही का?

हॅलो?… लिहून झालं?… आवडलं? खरंच?… साहेबांना वाचून दाखवलंस? काय म्हणाले?… ‘बाप रे’ म्हणाले. नुसतं बाप रे की अजून काही?

छोटू, कुठे निघालास? बस खाली. गोष्ट चाललीय. कपाटाकडे काय आहे तुझं? आत्ताच कसा शब्द अडला तुला?

काही नाही गं, भाऊ उठलाय. हं, पुढे लिही, इन्स्पेक्टर तिला विचारतो…

थांब. थांब जरा. दार वाजलं.

आली. पिशवीसकट आली.

ये ये, लवकर आलीस. नाही, कुणी नाही, असंच… राँग नंबर… अगं, तुला नाही म्हणत, तिला म्हणतेय. ठेवू नकोस.

अरे देवा. ऐकलं तिने. दारात उभी राहून ऐकत होती. ‘डबा कुठे आहे’ इथपासून ऐकलं म्हणते.

हो. आता तुला खरं सांगते. तिने मला काही सांगून ठेवलं नव्हतं. तिला पत्ताच नव्हता. मीच आपलं… तू रडत होतीस, आणि म्हटलं, एकदा… एकदा आपण का नाही? म्हातारी झाले मी. आणि ही दरवेळी मला चहाच आणायला लावते. थांब, ती काय म्हणते बघू.

हं… हं… तिने दीपगृहाचा रखवालदार आणलाय. एक डोळा निळा आहे म्हणते त्याचा. हातावर बोटीचं गोंदण… छान आहे गं, मी कुठे नाही म्हणते. तुझं पुस्तक, तू आणशील तो खुनी. हिला सांगते खोडायला. ऐकलंस ना गं, आत्या खोड.

…काय म्हणालीस? मोठ्याने म्हण, मी रिसीव्हर तिच्याकडे धरते.

ऐकलंस? ती पोर विचारतेय, कप्तान मेला डोंगरावर, तिथे दीपगृहवाला कशाला तडमडला? मी नाही विचारत हो. तुमची संपादिका विचारतेय.

…उभीच आहे गं. माझ्याकडे बघतेय. अशी बघत नाही कधी.

आता कपाटाकडे निघाली. अगं, तिची सवयच आहे, बघितल्याशिवाय लिहीत नाही. छोटू आडवा आलाय. ‘इथे काही नाही’ म्हणतोय. त्याला बाजूला केला. पहिला शब्दकोश काढला… दुसरा काढला…

डबा निघाला.

हो, खरा डबा. निम्मा भरलेला. चमचासुद्धा आहे आत… नाही गं, त्याला बोलत नाहीये अजून, त्याची पाळी नंतर येईल. बोट बुडवून चाखतेय. डोळे मिटलेत. छोटूने पण मिटलेत.

ती म्हणते… थांब हं… ती म्हणते, वन्सं, तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत?

मी म्हटलं, तू कधी विचारलंस?

…बसली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. पेनाचं टोपण काढलं. रखवालदाराच्या कागदाचा बोळा करून टाकला बघ, निळ्या डोळ्यासकट. तुझ्या साहेबांना म्हणावं, तासाभरात पाठवते. आत्याच करते म्हणाली. खून आत्यानेच केला.

हॅलो?… ऐकतेयस ना?… नाही गं, रडत नाही. मी कशाला रडू? आवाज बसलाय जरा, तुझ्याशी बडबडून.

पकडली जाणारच. ती म्हणते खुनी सुटला तर वाचक पैसे परत मागतात. पकडू दे की. मी विचारलं, मरणाऱ्याला जेवण मिळतं, खुन्याला काय? आजवरचे सगळे खुनी परके ना, हा प्रश्नच कधी आला नव्हता. आता पोलीस घेऊन जाताना निदान रेशमी साडी तरी नेसव म्हटलंय. अंजिरी रंगाची… हो म्हणाली. लिहिलंसुद्धा.

अगं, हो, हो… तुझे आभार मग मान. मला हाक मारतेय ती. खुर्ची ओढलीय बघ माझ्यासाठी, शेजारी. विचारतेय, विषाचा डबा ठेवताना आत्याचा हात थरथरला का.

नाही, आता नाही बोलता येणार. ठेवते गं मी. आठवून सांगायला हवं तिला, थरथरला होता की नाही ते.