राजाला शून्य, आणि म्हणे सोपा खेळ!

...नाही, मला सांगा, राजाला शून्य? पत्त्यांतल्या राजाला हो! राणीला शून्य, गुलामाला शून्य, दश्शीलाही शून्य, आणि एक्का, जो जन्मभर सगळ्यांच्या डोक्यावर बसला, त्याची किंमत एक! आणि म्हणे सोपा खेळ!

तुम्हाला सांगते, मला काही हौस नव्हती. इथे दुबईजवळ रास अल खैमाला एकवीस वर्षं काढली, ह्यांची टाइल्सच्या कंपनीत नोकरी, आणि एक दिवस साहेबानं "थँक यू, विजयकुमार" म्हणून घरी पाठवलं. आता आमच्या मैथिलीला त्या नव्या कॅसिनोत पत्ते वाटायची नोकरी लागली तर तिच्या व्हिसावर आम्ही इथे, नाहीतर खलास, बांधा सामान! रविवारी तिची परीक्षा. सरावाला गिऱ्हाईक हवं. घरात रिकामं कोण? हे! पण हे सोफ्यावर आडवे... "मी लांबून बघतो." म्हणून टेबलाशी मी, पैशाऐवजी लावतात त्या चिप्सच्या जागी वाटीभर राजमा घेऊन.

खेळाचं नाव बॅकरा. एक बाजू प्लेअर, एक बाजू बँकर, दोघांना दोन-दोन पत्ते, नऊच्या जवळ जाईल तो जिंकला. मी चष्मा लावून विचारलं, "प्लेअर म्हणजे मी ना गं?"

"नो आई, प्लेअर इज जस्ट अ नेम."

"मग मी बँकर?"

"नो!"

"मग मी कोण?"

"यू जस्ट बेट, आई. अँड प्लीज, डोन्ट टच द कार्ड्स!"

ऐका! पैसे आपले, पण पत्त्याला हात लावायचा नाही, खेळ दुसऱ्यांचा, आपण निकालाची वाट बघत गप्प बसायचं... म्हटलं, हे येतं मला, एकवीस वर्षं व्हिसावर दुसरं काय केलंय?

मग सात आणि आठ आले. मी म्हटलं पंधरा. ही म्हणते पाच! "दहा कुठे गेले?" तर म्हणे, "ड्रॉप देम." असे दहा-दहा सोडून देत संसार केला असता तर ही शिकली असती का? बरं, प्लेअरचे पाच किंवा त्याहून कमी झाले तर त्याला तिसरा पत्ता, आणि बँकरला द्यायचा की नाही याचे इतके नियम, इतके नियम, की लग्नातले व्याही परवडले! त्यात बँकरवर लावून जिंकलात तर पाच टक्के कापणार. शंभर दिरहॅम लावले, म्हणजे आपले चोवीसशे रुपये, तर वर पंच्याण्णवच मिळणार. आणि बरोबरी झाली तर आठपट! आता बरोबरी कधी होते का, हे लग्न झालेल्या बाईला विचारा... आणि म्हणे सोपा खेळ!

मग मी काय केलं, दोन्हीकडे सारखाच राजमा ठेवला. एकाला वाढायचं आणि शेजारच्याला उपाशी ठेवायचं, हे आमच्या हातून होत नाही. मैथिली किंचाळली, "आई, चूज वन!" सोफ्यावरून हे, "बँकरवर लाव, माझी सिस्टीम आहे." सिस्टीम! नोकरी जाणार हे कळलं नाही सिस्टीमला!

तेवढ्यात इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या विनितावहिनी आल्या. "अगंबाई, एवढं शिकवून पत्ते वाटायला?" म्हणत नाक मुरडलं, चहा प्यायल्या, आणि जाताना दारात हळूच, "भरती चालू आहे का हो अजून? आमच्या मुग्धासाठी विचारते..."

तर रविवारी परीक्षा. परीक्षक गोरा साहेब, मुद्दाम आडमुठं गिऱ्हाईक होऊन बसलेला. पत्ते ओढतोय, दहा कुठे गेले म्हणून भांडतोय, दोन्हीकडे चिप्स ठेवतोय... बाकीच्या पोरी रडकुंडीला आल्या, आमची मात्र हसतमुख, "सर, प्लीज डोन्ट टच द कार्ड्स." तो म्हणाला, "कुठे शिकलीस एवढा पेशन्स?" तर कार्टी म्हणते, "सर, आय लिव्ह विथ माय मदर."

पास झाली! पेढे वाटले, सामान राहिलं जागेवर. मी म्हटलं, आता एकदा तरी मला तो कॅसिनो दाखव. तर म्हणे, "सॉरी आई, स्टाफची फॅमिली नॉट अलाउड."

ती ड्यूटीवर गेली, मी राजमा भिजत घालायला उठले, तर हे सोफ्यावरून उठून टेबलाशी हजर! "थांब, आज मी वाटतो..." आता काय सांगू तुम्हाला... पोरीला लागली नोकरी, आणि आईबापांना लागला नाद!