आबा शेजारी बसले

पाळकसाहेब, मंडळीतल्या बंधुभगिनींनो, आणि कोळवण, भरे इथून आलेल्या सगळ्यांनो,

माझ्या पतींना निरोप द्यायला तुम्ही कामं टाकून आलात. मला उभं राहून बोलायची सवय नाही. त्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या फेऱ्या करून मी फार दमले आहे. शब्द सापडले नाहीत तर सांभाळून घ्या.

माझे पती दानियल कोळवण ते पिरंगुट जीप चालवायचे. तुमच्यातले कितीतरी जण त्या जीपमध्ये बसलेत. एका पावसाळ्यात उतारावर ब्रेक लागला नाही. जीप उलटली. भरे गावच्या हौसाबाई माहेराहून, कोळवणहून, घरी निघाल्या होत्या. त्या गेल्या.

पोलिसांनी यांना दोष दिला नाही. यांनी स्वतःला दिला. जीप सोडली. लवासाला एका अर्धवट इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. चर्चला येणं बंद केलं. पाळकसाहेब घरी येऊन देवाच्या प्रेमाबद्दल बोलले, तर हे म्हणाले, ते प्रेम बाकीच्यांसाठी असेल, माझ्यासाठी नाही.  कितीतरी वर्षं मी एकटीच चर्चला यायचे.

मग एका उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, सोपानआबा आमच्या दारात आले. हौसाबाईंचे मालक. ते आज इथं मागं बसले आहेत. त्यांना बघून हे उभेच राहिले. 

आबा म्हणाले, "मला तिच्या माहेरी जायचंय. सासूबाई लई थकल्यात. तू सोडशील का?"

यांनी नको म्हटलं. हात जोडले. दुसरा ड्रायव्हर बघून देतो म्हणाले. आबा ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, दुसऱ्याबरोबर जायचं असतं तर इथवर आलोच नसतो.

शेवटी यांनी शेजाऱ्यांची गाडी मागून आणली. आबा पुढं यांच्या शेजारी बसले, मी मागं. तो उतार आला आणि यांनी गाडी बाजूला घेतली.  ढसाढसा रडले. आबाही रडले.  मग आबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल. मी हाय हितं."

एवढंच. बंधुभगिनींनो, एवढंच.

घरी आल्यावर हे म्हणाले, "रूथ, आबा माझ्या शेजारी बसले. माझ्या शेजारी. देव असाच येत असेल का गं?" पुढच्या रविवारी चर्चला आले. त्या ईस्टरला मंडळीपुढं म्हणाले की माझा नवा जन्म झालाय.

नवा जन्म झाला म्हणून दुःख संपलं असं नाही. पाऊस लागला की हे जेवायचे नाहीत. पण परत जीप चालवायला लागले. अडलेल्या बाईला, आजारी माणसाला कधी नाही म्हटलं नाही. देवानं मला टाकलं नाही, असं शेवटच्या दिवसांत दवाखान्यातही म्हणत होते. मी पाय चेपत ऐकायचे. आता ऐकायला कुणी नाही.

हाही उपवासकाळच आहे. ईस्टर येईल. त्यांची आणि माझी पुन्हा भेट होईल असा माझा विश्वास आहे. पण आज घर फार रिकामं आहे. देवापासून काय लपवायचं?

आबा, तुमची परवानगी असेल तर एक मागते. आपण सगळे उभे राहू. शांत राहू. माझ्या दानियलसाठी, आणि तुमच्या हौसाबाईंसाठी.

दोघांनाही, प्रभू, तुझ्याजवळ ठेव.