यशोधनचा कान आणि मळवलीची कोठी

...आणि बदल्यात काय, तर तीन अंगठे! तुम्हाला सांगतो, माणसानं वर्षभर कुठकुठले कोपरे धुंडाळावेत, धड शंभर जणांनीही न ऐकलेली पोरंपोरी हुडकून काढावीत, त्यांचे अख्खेच्या अख्खे अल्बम तीन-तीनदा ऐकावेत, त्यावर दीड पानाचं टिपण लिहून ग्रुपवर टाकावं, आणि अकराव्या सेकंदाला तीन अंगठे यावेत... एक रुचिरचा, एक चंद्रिकाचा, एक सोपानचा. आता मला सांगा, बेचाळीस मिनिटांचा अल्बम अकरा सेकंदांत ऐकून होतो का? आमच्या यशोधनचं दुखणं नेमकं हेच. तो म्हणायचा, गाणं सगळ्यांकडे पोचतं रे, पण ऐकायला कान लागतो.

कान लागतो! हे त्याचं वाक्य. यशोधन म्हणजे तुंगार्लीत राहणारा, लोणावळ्यात शाळेत गणित शिकवणारा, त्रेपन्न वर्षांचा सरळ माणूस, पण संगीताचा विषय निघाला की सरळपणा संपला. वर्गात पोरं कुजबुजली तर त्याला ऐकू यायचं नाही, पण कुठल्याशा बँडच्या ड्रमरनं तिसऱ्या गाण्यात डावा हात जरा उशिरा टाकला तर ते लगेच कळायचं, आणि मग ते सगळ्यांना कळवल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही. का? तर कान लागतो.

आणि खरं सांगायचं तर त्याची चूक नव्हती हो. सवयच तशी लागलेली. हे चौघं तळेगावच्या कॉलेजातले. ब्याण्णव-त्र्याण्णव साल. गाडीच्या एकाच मार्गावर राहायचे. लोणावळ्याला यशोधन, मळवलीला सोपान, कामशेतला चंद्रिका, तळेगावला रुचिर. कुणाच्या तरी मुंबईच्या मावसभावाकडून एखादी कॅसेट कोऱ्या कॅसेटवर उतरवून मिळायची, चौघांत मिळून एक, आणि ती एक कॅसेट महिनाभर प्रवास करायची. लोणावळ्याला आठवडा झाला की यशोधन ती सकाळच्या लोकलच्या खिडकीतून मळवलीला सोपानच्या हातात द्यायचा, मग पुढचा आठवडा कामशेत, मग तळेगाव. आणि नुसती कॅसेट नाही, तर डबीत घडी घातलेला कागद. प्रत्येकानं काय ऐकलं ते लिहायचं. चंद्रिका बारीक अक्षरात चार-चार ओळी. रुचिर वाद्यांची नावं, निम्मी चुकीची. सोपानचं एकच वाक्य, पेन्सिलीनं... 'हे ऐकून म्हशीनं कान टवकारले.' महिन्यानं कॅसेट परत आली की यशोधन आधी कागद वाचायचा आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐकायचा, आणि तुम्हाला सांगतो, तीच गाणी वेगळी वाटायची. चार माणसांच्या कानांतून येऊन पाचव्यांदा वाजल्यासारखी. ते कागद अजून आहेत त्याच्याकडे, बिस्किटाच्या डब्यात. आता अशा माणसाला अंगठा पुरेल का?

म्हणून त्यानं हट्ट धरला, की वर्षातून एक रविवार तरी एकत्र बसायचं, भात झोडून झाल्यावर, मळवलीला सोपानच्या ओसरीवर. सोपान आता घरची भातशेती बघतो आणि चार बंगल्यांची देखरेखही करतो. प्रत्येकानं वर्षातला आपला आवडता एक अल्बम आणायचा, ज्याचं नाव बाकीच्यांनी ऐकलेलं नसेल असा, आणि तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचा.

यंदा यशोधनकडे जे होतं ना, त्यानं तो दोन महिने आतून उतू जात होता. अल्बमचं नाव 'कोठी'. गाणाऱ्या मुलीचं नावगाव काही नाही, नावाच्या जागी लिहिलं होतं 'नाव नंतर'. नेटवर ऐकणारे एकूण एकेचाळीस. एक गिटार, एक दबका, जवळून बोलल्यासारखा आवाज, बस्स. यशोधन वेडा झाला. त्यानं ग्रुपवर टिपण टाकलं. कोठी म्हणजे मनाची कोठी, बंद, अंधारी, आठवणींनी भरलेली. आणि चौथ्या गाण्यात गिटार थांबते तिथे दूरवरून एका पुरुषाचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत, तर तो आवाज म्हणजे पिढ्यांमागून हाक मारणारा बाप आहे, असं त्यानं लिहिलं. तीन अंगठे.

मग काय करणार? त्यानं अल्बमच्या पानावरून थेट त्या 'नाव नंतर'लाच पत्र पाठवलं. लांबलचक. तुमच्या आवाजातला कच्चेपणा हाच त्याचा प्राण आहे, तो घासूनपुसून घालवू नका वगैरे. आठ दिवसांनी उत्तर आलं, दोन शब्दांचं. 'धन्यवाद काका.' आता मला सांगा, आपण काका आहोत हे त्या मुलीला कसं कळलं, असा प्रश्न पडायला नको? पडला. यशोधनला वाटलं, लिहिण्यातून वय कळत असणार.

इथे थोडं मागं जायला हवं, कारण घरी त्याची मुलगी आहे, तेजल. चोवीस वर्षांची, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. तीन वर्षांपूर्वी ती स्वयंपाकघरात फोन घेऊन आली होती, बाबा हे ऐक म्हणून. स्वतःचं गाणं. यशोधनच्या हातात पेपरांचा गठ्ठा. त्यानं चाळीस सेकंद ऐकलं आणि म्हणाला, ठीक आहे, पण आवाज कच्चा आहे, आणि यात नवीन काय? तेजलनं फोन परत घेतला. भांडण नाही, रडणं नाही. पुढे एक दिवस खोलीतली गिटार दिसेनाशी झाली, तर म्हणाली मैत्रिणीला दिली. आणि शनिवारी सकाळी पाठीला सॅक लावून ती गड चढायला जायला लागली. यशोधनला बरंच वाटलं. तब्येतीला चांगलं. तीन वर्षांत एवढे गड चढूनही पोरीच्या बुटाला कधी चिखल कसा नाही, हे काही त्याला दिसलं नाही. कानच तयार होता ना नुसता, डोळे कुठे तयार होते!

तर रविवार उजाडला. सोपानची ओसरी, पोटात इंद्रायणीचा गरम भात आणि आमटी, समोर रुचिरनं आणलेला मोठा स्पीकर. रुचिरचा अल्बम झाला, चंद्रिकाचा झाला, मग यशोधन उठला, पाच मिनिटांची प्रस्तावना केली, पिढ्यांमागच्या बापासकट, आणि 'कोठी' लावला.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. रुचिरनं फोन बाजूला ठेवला. यशोधनला भरून आलं... तीस वर्षांनी पुन्हा चौघं एकच गोष्ट ऐकत होते. फक्त सोपान अस्वस्थ. मधेच उठायचा, गुरांकडे बघून यायचा, परत बसायचा. चौथं गाणं आलं. गिटार थांबली, आणि त्या मोठ्या स्पीकरवर, यशोधनच्या इअरफोनमध्ये दोन महिने जे कधी कळलं नव्हतं ते स्वच्छ ऐकू आलं.

"ए पप्प्या, मोटार बंद कर रं, पानी भाईर चाललंय!"

पप्पू म्हणजे सोपानचा धाकटा भाऊ. तो अंगणातच बसला होता. तो सवयीनं उठला आणि मोटारीकडे निघाला.

चंद्रिका म्हणाली, "यशा, हा सोपानचा आवाज आहे."

सोपान भिंतीकडे बघत म्हणाला, "आता काय लपवायचं. पोरगी म्हनली, काका, कुनाला सांगू नगा. पोत्यांमदी आवाज घुमत न्हाई म्हनं, म्हनून कोठी मागितली. मी म्हनलं बस की. दर शनवारी येती."

कुठली पोरगी, हे यशोधननं विचारलं नाही. गाणं चालूच होतं, आणि तुम्हाला सांगतो, एकदा कळल्यावर त्याला दुसरं काही ऐकूच येईना. तो आवाज लहानपणी पाढे म्हणायचा. तो आवाज सकाळी विचारायचा, बाबा, चष्मा कुठे ठेवलास. दोन महिने रोज ऐकूनही त्याला तो ओळखता आला नव्हता. कान लागतो म्हणे!

सोपाननं घरामागची कोठी उघडली. भाताची पोती छतापर्यंत रचलेली, मधे एक माणूस बसेल एवढी जागा. खुंटीला गिटार, वर जुनं लुगडं धुळीपासून झाकायला टाकलेलं. सोपानच्या मफलरमध्ये गुंडाळलेला माइक. यशोधन त्या मधल्या जागेत बसला, म्हणाला तुम्ही व्हा पुढे, आणि कानात इअरफोन घालून उरलेली गाणी तिथेच ऐकली. बाकीचे ओसरीवर थांबले. चहा दोनदा गरम झाला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा तेजल भाजी निवडत होती. सोपानचा फोन आधीच येऊन गेलेला. यशोधन समोर बसला आणि गवारीच्या शिरा काढायला लागला. मग म्हणाला की माझं चुकलं, तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

तेजल म्हणाली, "तेव्हा तू चाळीस सेकंद ऐकलंस, कारण ते माझं होतं. या वेळी सगळं ऐकलंस, कारण कुणाचं ते तुला माहीत नव्हतं."

यशोधननं मान डोलावली. यावर काय टिपण लिहिणार? मग हळूच विचारलं, की ते पत्र वाचून तुला काय वाटलं.

"ठेवलंय मी ते," ती म्हणाली. "छापून. गिटारच्या पिशवीत."

आता बापलेकीचं बरं चाललंय. गड चढणं बंद झालं, शनिवारी यशोधनच तिला स्कूटरवरून मळवलीला सोडतो, अगदी कोठीच्या दारापर्यंत. पण दाराच्या आत नाही हं! नवं गाणं झालं की ती ते आधी सोपानला ऐकवते, मग पप्पूला. सोपान म्हणतो, "लय भारी", नाहीतर म्हणतो, "न्हाई जमलं", आणि ती मुकाट्यानं बदलते. आणि त्रेपन्न वर्षांचा हा जाणकार माणूस बाहेर स्कूटरवर बसून राहतो. त्याला ते गाणं मिळतं... सोपान टाकेल तेव्हा, ग्रुपवर. सगळ्यांबरोबर. आणि दीड पानाचं टिपण लिहायचं नाही, असं बजावलंय तिनं. म्हणून तो काय करतो, माहितीये? पूर्ण ऐकतो, दोनदा ऐकतो, आणि मग गुपचूप एक अंगठा टाकतो.