राणीच्या डोक्यात पडलेला नारळ

मंडळी, टाळ जरा बाजूला ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. देवापुढं पहिल्या दिवशी दिवा लावताना माणूस वात नीट वळतो, तेलाचा थेंब सांडू देत नाही. बरोबर? मग हजाराव्या दिवशी काय होतं? — अहो, मागच्या काकू, तुम्हालाच विचारतोय! एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात काडी, आणि तोंडानं, "अगं, दूध उतू गेलं काय?" आता उजेड तर दोन्ही दिव्यांचा सारखाच. मग फरक कुणाला कळतो?

याचं उत्तर मी पोथीतून देणार नाही. टीव्हीतून देणार आहे. हसा, हसा! 'सात कुंडांची राणी' बघत नाही असा कुणी आहे इथं? पेटीवाले, तुम्ही हात वर करू नका. तुमच्या मंडळींनी मला सगळं सांगितलंय.

तर ऐका. या मालिकेचा लेखक होता श्रीपाद उकिडवे. राणीला अख्खा मुलूख ओळखतो, पण तिला बोलायला लावणाऱ्याला शेजारीही ओळखत नव्हते. मालिका सुरू झाली तेव्हा त्यानं निळ्या पुठ्ठ्याची एक वही केली. कुठलं कुंड कुठं, कोण जिवंत, कोण मेलं, सगळं त्यात. आणि पहिल्याच पानावर लाल शाईनं एक नियम. राणी हेमकलेची अंगठी वाटेल ते करील, पण प्रत्येक वेळी राणी आपलं एक माणूस विसरेल. विसरलेलं पुन्हा आठवणार नाही.

काय नियम आहे बघा! चाळिसाव्या भागात पूर आला. राणीनं अंगठी फिरवली, गाव वाचलं — आणि तिनं शेजारी उभ्या असलेल्या पोटच्या लेकीला विचारलं, "तू कोण गं?" मंडळी, त्या दिवशी आमच्या आळीत भाकऱ्या करपल्या. मग ती लेक, कुमुद, काय करते? महाल सोडत नाही. दासी होऊन राहते. आईनं रोज विचारावं, तू कोण? आणि तिनं रोज हसून सांगावं, "मी या महालातली दासी, राणीसाहेब. तुमचे केस विंचरायला आले."

पुढं मालिका चालली. चालली म्हणजे किती? पाचशे भाग, आठशे, हजार! सकाळी लिहायचं, दुपारी चित्रीकरण. वही उघडायला वेळ कुणाला? श्रीपाद तिच्यावर चहाचा कप ठेवू लागला. पूर थांबवणारी राणी आता अंगठी फिरवून हरवलेली किल्ली शोधायला लागली! आणि विसरली कुणाला? कुणालाच नाही. सेनापती तीनदा मेला, तीनदा परत आला. चौथ्यांदा मेला तेव्हा आमची आत्या म्हणाली, रडू नका, सोमवारी येतोय तो.

श्रीपादला हे टोचत नव्हतं असं नाही. पण वाहिनीच्या मोहितेबाईंनी त्याला समजावलं होतं की लोक भाजी निवडत बघतात, नियम कुणाच्या लक्षात राहतात? हे ऐकायला इतकं सोयीचं होतं की त्यानं ते मनावर घेतलं. हजाराव्या भागाला बाईंनी फर्मावलं की आनंद पाहिजे, मायलेकींची भेट घडवा. श्रीपादनं अर्ध्या तासात घडवली. राणी बागेत उभी, वरून नारळ पडला — थेट डोक्यात — आणि तिला सगळं आठवलं! त्या आठवड्यात मालिका पहिली आली. पेढे वाटले.

त्याच आनंदात चाहत्यांची स्पर्धा झाली. मालिकेवरचे पाच प्रश्न, जिंकेल त्याला सेटवर बोलावणं. जिंकल्या कोण? तासगावच्या कुसुमाक्का पाटणे. उत्तरांच्या खाली त्यांनी लिहिलं होतं की मला राणीला नको, लेखकाला भेटायचंय. श्रीपादची छाती फुगली. नवा शर्ट घालून गेला बघा!

दुपारी आक्का आल्या. बरोबर त्यांचे यजमान, यशवंतअण्णा. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, पण आता विसरायचा आजार जडलेला. घरी एकटं सोडता येत नाही. त्यांना खुर्चीत बसवलं. अण्णांनी आक्कांकडं बघितलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

आक्का हसल्या. "मी या महालातली दासी, महाराज. तुमचा चहा घेऊन आले."

अण्णा खूश झाले. चहा घेतला.

मंडळी, श्रीपाद बाजूलाच उभा होता. वाक्य त्याचं होतं. त्यानं ते एकदा लिहिलं आणि सोडून दिलं, आणि ही बाई ते दिवसातून दहा वेळा जगत होती.

आक्का भांडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की अण्णांनी पहिल्यांदा तसं विचारलं तेव्हा त्या मोरीत जाऊन रडल्या होत्या. मग टीव्हीत कुमुद दिसली. आई ओळखत नाही, तरी लेक हसून केस विंचरते. तिला जमतं तर मलाही जमेल, असं त्यांनी ठरवलं, आणि जमलंही. "तीन वर्सं जमलं, दादा," आक्का म्हणाल्या. "मग तुम्ही नारळ टाकलासा. तवापासनं मला झोप न्हाई. आता मी कुठला नारळ आणू?"



तेवढ्यात अण्णा उठले. राणीचं काम करणारी बाई तिथंच उभी होती. शालूचा काठ उसवलेला, टीव्हीत दिसत नाही म्हणून पिना मारलेल्या. अण्णांनी सुईदोरा मागितला, जमिनीवर बसले, काठ उलटला आणि आतल्या बाजूनं टाके घालू लागले. बारीक, एकसारखे. स्वतःच्या बायकोचं नाव विसरलेला माणूस, टाका विसरला नव्हता! मोहितेबाई म्हणाल्या, "आजोबा, राहू द्या. आतली बाजू कोण बघतंय?"

अण्णांनी मानसुद्धा वर केली नाही. "नेसणारीला टोचतंय की, बाई."

श्रीपाद घरी गेला. कप उचलला, वही काढली. पडलेला नारळ परत झाडाला लावणं काही त्याला जमलं नाही, पण पुढं लिहिणं हातात होतं. त्यानं पुन्हा पूर आणला. राणीच्या हातात अंगठी, समोर नुकतीच सापडलेली लेक. राणीचा हात उचलेना. लेक म्हणाली, "फिरव आई. मी इथंच आहे." राणीनं फिरवली. दुसऱ्या दिवशी कुमुद फणी घेऊन आली, म्हणाली, मी या महालातली दासी. राणीनं केस मोकळे केले. मग म्हणाली, "तू कोण ते मला ठाऊक नाही. पण तू आलीस की बरं वाटतं. रोज येत जा."

मोहितेबाई संतापल्या. इतका रडका भाग कुणी मागितला होता, म्हणाल्या. मालिका चौथ्या क्रमांकावर घसरली आणि महिन्याभरात श्रीपादच्या जागी दुसरा लेखक आला. पण भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या सकाळी तासगावहून फोन आला होता. आक्का एवढंच म्हणाल्या, "काल झोप लागली, दादा."

आता, काकू, सांगा, फरक कुणाला कळतो? उद्या सकाळी तुम्ही घरातल्या माणसापुढं चहाचा कप ठेवाल. तुमच्या हातचा तो दहा हजारावा असेल. आणि काका, हसू नका, तुम्ही "कसं वाटतंय गं आता?" असं वर्तमानपत्राआडून विचाराल, तेही दहा हजाराव्यांदा! पण समोरच्याची सकाळ नवी असते, आणि त्या सकाळचा तो पहिलाच कप असतो. मलाही हे लागू आहे. सेनापती सोमवारी येतोय म्हणणाऱ्या आत्याची ती गोष्ट मी आतापर्यंत नऊ गावांत सांगितली. आज उरकून टाकली असेल, तर मी तुमचा अपराधी आहे.

पेटीवाले, सूर द्या. नाम तेच आहे, लहानपणापासून घेतोय तेच. आज मात्र ते पहिल्यांदाच तोंडात आल्यासारखं घ्या.