सव्वा मूठ गहू

माहेर माझं धुळ्याकडचं, दिलं एरंडोलजवळच्या खेड्यात, आता पिंप्राळ्याला पापड लाटते, पोरगा कॉलेजात शे. काय सांगू तुम्हाला भाऊ, माझ्या मालकाला त्यांच्या सख्ख्या चुलतभावानेच मारलं, बांधावरून, कुऱ्हाडीने, दिवसाढवळ्या. जन्मठेप झाली त्याला. मी म्हटलं, चला, सुटले.

कुठली सुटते! थोड्या वर्षांत तोच सुटला, आजारपणावर. कागदावर काय, तर कमरेपासून लुळा, उठवत नाही, औषधाला पैसा नाही, म्हणून कोर्टाने मला द्यायला लावलेली भरपाई पण माफ करा. अहो, केळीचा बाग मेहुण्याच्या नावावर केला, पण तोडणीला ट्रकजवळ खुर्ची टाकून बसे कोण? हाच मेला! मेहुणा बिचारा चहा आणे.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. बठ्ठे भाऊबंद, सगळेच्या सगळे एका घरात जमतात, आणि रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. मालक गेले तशी त्यांची मूठ बंद झाली, रीतच शे ती. पण ह्याची, तो तुरुंगात होता तरी चालू. तेही गिळलं मी.

तर तो सुटून आला त्या साली विसर्जनाला बँड लागला आणि हा लुळा उठला की हो! पुतण्याला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत नाचला, घामाघूम होऊन नाचला, आणि बठ्ठ्यांनी पाहिलं.

मग त्याच्या माफीच्या अर्जावर कोर्टातून चौकशी लागली, तब्येत कशी, मिळकत किती. पोलीस यायच्या आदल्या दिवशी नाना आले, त्याचे वडील, माझे चुलतसासरे. म्हणे पोरी, कानबाईपुढचं कानबाईपाशी राहू दे, तुझ्या पोराची मूठ अजून आमच्या रोटात शे. आवाज कसा गोड! पोराला बाप नाही, भाऊबंदही तुटले तर त्याच्या लग्नात उभं कोण राहील?

पोलीस आले. जो तो म्हणे, खाटेवर पडून शे साहेब, खायला मोताद. आणि तो गोधडी ओढून कण्हतोय, कण्हतोय. शेवटी मला विचारलं, बाई तुमचं काय. मी म्हटलं, साहेब, नाचला तो. आणि बाग त्याचाच, तोडणीच्या दिवशी येऊन बघा. तसं त्याचं कण्हणं थांबलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मोठ्या दवाखान्यात परत तपासलं त्याला, आणि गेला आत.

पुढच्या श्रावणात आम्हाला निरोपच नाही. माझ्या पोराच्या नावाचे गहू काढले नाहीत, जिवंत पोराचे! पोरगा म्हणे आई, जाऊ दे. कसं जाऊ दे? उंबऱ्यात बसून रडले मी, गावात राहवेना मग, इकडे आलो.

आता इथेच, ह्या खोलीत रोट करते. पोराची मूठ काढते आणि त्याच्या बापाची पण काढते. शेजारीण म्हणे, अगं, गेलेल्या माणसाची काढत नाहीत. मी म्हटलं, मी काढते. आणि हात जोडते, कानबाई माय, त्या मेल्याची पाठ ताठ ठेव, पाय मजबूत ठेव, काही दुखू देऊ नको त्याचं, शंभर वर्षं जगव. पण आतच.