बुजवलेल्या बावखलाची नळी पुन्हा उघडल्याबाबत

जबाब, दि. २८/०६/२००३, वसई

माझे नाव युजीन बावतीस तुस्कानो, वय ४७ वर्षे, धंदा गळती बंद करण्याची व वॉटरप्रूफिंगची कामे, राहणार सांडोर, ता. वसई, जि. ठाणे. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर झालो आहे आणि विचारल्याप्रमाणे सांगतो की,

माझ्या शेजारच्या वाडीतले ॲन्सेल्म मच्याडो, नोकरी मस्कत, सध्या रजेवर, यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की मी काल त्यांच्या तळघराची फरशी फोडून बुजवलेला पाईप उघडला व आत पाणी सोडले. तक्रार खरी आहे. फोडलेला पाईप मी दोन दिवसांत परत बंद करून दिला तर ते तक्रार मागे घेतील, असे त्यांनी साहेबांसमोर सांगितले आहे. नाही तर गुन्हा दाखल होईल. मग या पट्ट्यात मला कोणी उंबऱ्यात उभे करणार नाही, हे मला कळते.

सदर बंगला १९९९ साली बांधला. त्या जागी आधी मच्याडोंचे बावखल होते. साहेब साताऱ्याकडचे आहेत म्हणून सांगतो, बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे, त्यावर आमची केळी जगतात. ते बुजवून वर तळघर बांधायचे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी तेव्हाच बोललो होतो. पण मस्कतच्या माणसाला सांडोरचे पाणी कोण शिकवणार?

बुजवण्याचे काम मीच केले. आमच्याकडे विहीर किंवा बावखल बुजवले तरी झऱ्याचा श्वास कोंडू नये म्हणून एक नळी उभी सोडतात. ॲन्सेल्मची आई इनेझमावशी भरावाच्या वेळी तिथे खुर्ची टाकून बसली होती. नळी घातल्याशिवाय तिने मातीची पाटी पडू दिली नाही. मी चार इंची लोखंडी पाईप घातला. पुढे तळघराचा कोबा झाला तेव्हा त्याचे तोंड एका कोपऱ्यात फरशीच्या बरोबरीने राहिले.

मावशी रोज दुपारी तळघरात उतरायची आणि त्या तोंडाला कान लावून बसायची. तिची मोठी मुलगी डायना १९६३ साली त्या बावखलात बुडाली, वय सहा. ॲन्सेल्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. मावशी म्हणायची, पोरगी खाली श्वास घेते. मी भुताखेतांच्या नादी लागणारा माणूस नाही. आजूबाजूच्या वाड्यांतले पंप चालू-बंद होतात, तसे जमिनीतले पाणी खाली-वर होते आणि नळीतून हवा आत-बाहेर करते. पण आवाज यायचा, हे खरे आहे.

डायना माझ्या वर्गात होती. त्या दिवशी बावखलावर आम्ही दोघेच होतो. याबद्दल मला जास्त काही सांगायचे नाही.

दरवर्षी जुलैत त्या पाईपातून पाणी वर येऊन तळघरभर पसरायचे. भिंतींना कमरेपर्यंत लोणा आला होता. यंदा फेब्रुवारीत ॲन्सेल्मने फोनवरून मला काम दिले. त्याला तिथे पाहुण्यांसाठी हॉल करायचा होता. मी त्याला सांगितले, पाण्याला अडवू नये, वाट द्यावी. बाहेरून चर खणतो, भिंतींना छिद्रे पाडून पंपाने सिमेंट भरतो आणि पाईपला वर साडेतीन फुटांचा तुकडा जोडतो. पाणी त्या तुकड्यात चढेल आणि तिथेच थांबेल, हॉल कोरडा राहील. तो म्हणाला, "हॉलमध्ये नळ उभा करतोस? बुजव ते. आईचंही खाली बसणं सुटेल." दिनांक ५ मे रोजी मी पाईप बुजवला आणि वर टाईल बसवली. पाण्यातही दगड होणारे सिमेंट वापरले. हाताखाली कोणी नव्हते. स्वतः केले.

मावशी त्या वेळी जिन्यावर उभी होती. तिने अडवले असते तर बरे झाले असते.

१२ जूनला ॲन्सेल्मची बायको बेटी हिने मला बोलावले. मला वाटले गळती असेल. खाली गेलो तर तळघर खडखडीत कोरडे. इतकी वर्षे धंदा करतो, असे काम माझ्या हातून दुसरे झाले नाही. मावशी फरशीवर बसून होती. म्हणाली, "युजीन, कान लाव. येतो का आवाज?"

मी कान लावला आणि म्हणालो, "नाही गं मावशी, येत नाही."

ती म्हणाली, "तेच तर सांगते मी."

१९ जूनला सकाळी बेटीला ती तिथेच मेलेली सापडली. टाईलच्या सांध्यात चमच्याने उकरल्याच्या खुणा होत्या. डॉक्टरांनी हृदय बंद पडले असे लिहिले. मला त्यात शंका नाही. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, हृदय बंद पडणारच. पण मी मातीला गेलो तर शवपेटीला खांदा द्यायला माझा हात उठला नाही. लोकांनी पाहिले असेल.

काल दिनांक २७ रोजी सकाळी अकरा वाजता मी बंगल्यावर गेलो. ॲन्सेल्म बँकेत गेला होता. बेटीला मी सांगितले की भिंती तपासायच्या आहेत. हे खोटे होते. तिला यात गोवू नये. छिन्नी-हातोड्याने पाईप मोकळा करायला मला पाऊण तास लागला, कारण काम पक्के होते. ॲन्सेल्म म्हणतो माझे काम कच्चे. उचलली जीभ, लावली टाळ्याला! कच्चे असते तर मला एवढे झिजावे लागले नसते. तळघरात सध्या घोटाभर पाणी आहे ते मी फोडल्यामुळे, गळतीमुळे नाही. हे नीट लिहावे.

सिमेंट फुटले तेव्हा आधी हवा आली. बराच वेळ येत होती. बेटी जिन्यावर होती, तिने क्रूसाची खूण केली. मग पाणी आले. मग मी साडेतीन फुटांचा तुकडा वर जोडला, तसे पाणी थांबले.

पाईप परत बंद करणार का, असे साहेबांनी विचारले. माझे उत्तर : तो कापून बुजवायला अर्धा दिवस पुरे. पण ॲन्सेल्म काल जिन्यावरूनच बघून परत फिरला, खाली उतरला नाही. त्याने खाली उतरावे, पाईपच्या तोंडाला कान लावावा आणि मग स्वतःच्या तोंडाने सांगावे की बुजव. तो सांगेल तर बुजवतो. नाही तर मला खुशाल आत टाका. बेचाळीसाव्या वर्षी... चुकलो, चाळीस वर्षे झाली. चाळीस वर्षांनी मी तिला दुसऱ्यांदा पाण्यात सोडून जाणार नाही.

साहेबांनी ॲन्सेल्मला बाहेरच्या बाकावरून आत बोलावून ही अट ऐकवली. त्याने विचारले, "युजीनदादा, रडते का रे ती?"

मी सांगितले, "नाही. नुसता श्वास घेते."

तो बाहेर गेला आणि स्कूटर काढून घराच्या दिशेने गेला. तासभर झाला, परत आलेला नाही. तक्रारीचे काय ते त्यालाच विचारावे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. यातले काही खोडायचे नाही, काही घालायचेही नाही.

सही / युजीन बावतीस तुस्कानो