आज दुपारपासून

(कोडोली, जून १९९६. गोठ्यात अर्धाच उजेड. डॉक्टरांचा उजवा हात खांद्यापर्यंत चंद्री म्हशीच्या पोटात; दारात छातीशी फाइल धरून एक मुलगा केव्हाचा उभा.)

धोंडुबाई : तुलाच इचारतीय की रं. कवाधरनं दारात उभा हाईस. कोण पायजे?

शिवकुमार : मला डॉक्टरसाहेबांची स्वाक्षरी हवी आहे. परंतु त्यांचे काम चालू असल्यास मी थांबतो.

धोंडुबाई : ऐकलासा का डाक्टर? बुकातनं कोणतरी बोलाय लागलंय.

डॉक्टर : ऐकलं. पण माझा हात अडकलाय. नाव काय रे?

शिवकुमार : शिवकुमार. यंदा दहावी उत्तीर्ण झालो.

धोंडुबाई : आगं बया, बसलिंगाप्पाच्या दुकानातला न्हवं तू? साखर बांधून देतोस, पर कधी मान वर करून बगत न्हाईस.

डॉक्टर : काल दवाखान्याच्या फाटकाशी तूच होतास ना? परवाही?

शिवकुमार : होय.

डॉक्टर : मग आत का आला नाहीस?

शिवकुमार : काल आपण कामात होता.

डॉक्टर : आणि परवा?

शिवकुमार : परवा आपण चहा घेत होता.

धोंडुबाई : च्या पिणाऱ्या माणसाला भ्यालास व्हय?

शिवकुमार : हाक कशी मारावी, याचा विचार करीत होतो. तेवढ्यात चहा संपला आणि साहेब निघून गेले.

धोंडुबाई : चंद्रे, ऐकलंस का गं? तुझ्या कळा थांबल्या ह्याचं ऐकून.

डॉक्टर : थांबू दे जरा. रेडकाचा एक पाय आत मुडपलाय, तो सरळ करतोय. हं, बोल तू. कशावर सही?

शिवकुमार : कॉलेजच्या प्रवेशासाठी. गुणपत्रिकेची नक्कल आणि वर्तणुकीचा दाखला. राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का लागतो.

धोंडुबाई : म्हशीच्या दवाखान्याचा शिक्का, पोराच्या मार्कांवर?

डॉक्टर : मग? जून आला की इंजेक्शनापेक्षा माझा शिक्काच जास्त चालतो. पिशवीतच ठेवतो. शेवटची तारीख कधी?

शिवकुमार : आज. कोल्हापुरात खिडकी पाचला बंद होते. तीनची एस.टी. मिळाली, तर पोचेन.

डॉक्टर : नक्कल ताडून बघीन आणि सही देईन. दाखल्यात काय छापलंय?

शिवकुमार : 'मी या विद्यार्थ्यास गेली अमुक वर्षे ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे.' वर्षांची जागा रिकामी आहे.

डॉक्टर : मग ती रिकामीच राहील. मी तुला ओळखत नाही.

शिवकुमार : सगळे साहेब तीन वर्षे लिहितात, असे मुले म्हणतात.

डॉक्टर : लिहीत असतील. तपासल्याशिवाय मी म्हशीलासुद्धा बरी आहे असं लिहून देत नाही.

धोंडुबाई : द्या की वो डाक्टर! गरीब गाय हाय पोरगं. व्हय रं, पर कोल्हापूरच कशाला?

शिवकुमार : तिथल्या कॉलेजच्या गच्चीवर एक दुर्बीण आहे. शाळेची सहल गेली होती, तेव्हा शनी पाहिला. त्याची कडी पाहिली. प्रत्येकाला क्षणभरच मिळत होते. माझी पाळी संपली तरी मला हलता आले नाही. मागच्या मुलांनी ढकलले. आता पहाटे दुकानाच्या फळ्या काढताना वर बघतो, तर नुसता ठिपका. इतका दूर, इतका एकटा, आणि तरी किती नेटका. अकरावीला तिथे गेलो, तर तो पुन्हा दिसेल.

धोंडुबाई : शनी जावा म्हणून लोक तेल घालत्यात, आन् हे त्याला बगाय निघालंय!

डॉक्टर : धोंडुबाई, पाय सुटला! तुम्ही तिचं तोंड धरा. ए शनी, फाइल ठेव तिकडं. हा दोर घे. दोन्ही पायांना फास घातलाय. मी म्हणेन तेव्हा ओढायचं. माझे हात डोक्याशी असतील, मला फास दिसणार नाही. निसटायला लागला तर ओरड. तिथं गप्प राहिलास, तर रेडकू हाताला लागायचं नाही.

शिवकुमार : मी... मला जमेल का?

डॉक्टर : कळ आली. ओढ!

धोंडुबाई : चंद्रे, माझी बाय, लाव जोर!

शिवकुमार : डॉक्टरसाहेब...

डॉक्टर : ऐकू येत नाही!

शिवकुमार : दोर किंचित सरकत आहे, असे वाटते.

डॉक्टर : काय?

शिवकुमार : निसटतोय! फास निसटतोय! थांबा की वो!

डॉक्टर : थांबलो. शाब्बास! वर सरकव. अजून वर. बसला? आता ओढ, खाली, जमिनीकडं!

शिवकुमार : आलं! नाक आलं! मावशी, जीभ हालतीया! आलं की, आलं, आलं!

धोंडुबाई : रेडी का रेडा? आरं सांग की!

डॉक्टर : रेडी आहे. श्वास घेतेय.

धोंडुबाई : जोतिबाच्या नावानं चांगभलं! आन् तू कुठं बसलास रं, शेणात?

शिवकुमार : ओढता ओढता घसरलो की वो, मावशी.

धोंडुबाई : आता कसं माणसावानी बोललास!

शिवकुमार : घाबरलो की मी पुस्तकासारखा बोलतो. आता विसरूनच गेलतो.

डॉक्टर : पाणी घाला माझ्या हातावर. साबण द्या. दे आता ती फाइल. ही नक्कल, ही सही. आणि हा दाखला. 'गेली' आणि 'वर्षे' खोडतो. वाच, काय लिहिलंय.

शिवकुमार : 'मी या विद्यार्थ्यास आज दुपारपासून ओळखतो. त्याची वर्तणूक चांगली आहे. वेळ पडल्यास मोठ्याने बोलतो.' साहेब... हे खिडकीवर चालेल का?

डॉक्टर : कारकून विचारील, हे काय म्हणून. तेव्हा सांगायचं.

शिवकुमार : काय सांगू?

डॉक्टर : जे झालं ते. नाहीच ऐकलं, तर प्राचार्यांच्या खोलीत जायचं. खोलीत. दारात नाही.

शिवकुमार : जाईन. आणि सांगेन.

धोंडुबाई : ह्या शर्टावर? खिडकी आपोआप बंद हुईल वासानं. हा आमच्या मालकांचा घाल. ढगळ हाय, पर धुतल्याला हाय. बाह्या दुमड. हां, आता दिसतोस कॉलेजचा.

डॉक्टर : पळ आता, तीनची गाडी फाट्यावर थांबत नाही फार वेळ.

धोंडुबाई : उद्या सकाळी चीक न्यायाला ये. आईला म्हणावं, खरवस कर. आन् दारात गप उभा ऱ्हायचं न्हाय. हाक मारायची.

शिवकुमार : येतो. येतो, साहेब.

डॉक्टर : अरे, पळ!

शिवकुमार : मावशी!

धोंडुबाई : आता आनी काय ऱ्हायलं रं?

शिवकुमार : काही नाही. हाक मारून बघितली.